एबलटनमधून हलगी उडाली, ती परत कशी मिळवली: माझा अनुभव

जुलैतल्या तीन रात्री गेल्या म्हणून हे लिहितोय. एबलटन लाइव्ह या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं सेव्ह केलं की त्या फाइलमध्ये आवाज नसतो. कुठला आवाज डिस्कवर कुठे पडलाय, त्याचा पत्ता तेवढा असतो.

मार्चमध्ये हलगीवाल्या काकांना घरी बोलावून दोन तास रेकॉर्डिंग केलं. पहिलं गाणं त्याच प्रोजेक्टमध्ये (म्हणजे गाणं आणि त्याचे आवाज ठेवायच्या फोल्डरमध्ये) झालं. पुढच्या दोन गाण्यांत हलगीचे तेच तुकडे लाइव्हमधल्याच ब्राउझरमधून, म्हणजे फाइलींच्या यादीतून, ओढून घेतले. तिन्ही मजेत वाजत होती.

मग डिस्क भरली. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला १७ एमबी, भरणारच. पहिलं प्रोजेक्ट उघडलं, 'मॅनेज फाइल्स'मधून न वापरलेल्या फाइलींची यादी काढली, सगळ्या उडवल्या, ट्रॅशही रिकामा केला.

दुसरं गाणं उघडलं तर ताल गायब. खाली सूचना: फाइली सापडत नाहीत. तिसऱ्यातही तेच. ती यादी करताना लाइव्ह फक्त त्या एका प्रोजेक्टमध्ये बघतं. दुसरं प्रोजेक्ट तीच फाइल वापरत असलं तरी ती 'न वापरलेली'च ठरते. मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलंय, मी घाईत वाचलं नव्हतं.

'बॅकअप' फोल्डरकडे धावलो. तिथे गाण्याच्या मागच्या दहा आवृत्त्या असतात, पण त्याही नुसते पत्तेच! मग लाइव्हलाच हरवलेल्या फाइली आपोआप शोधायला लावलं. माझ्या रेकॉर्डिंगांना मी नावंच दिली नव्हती, '१-ऑडिओ' छापाच्या फाइली प्रत्येक प्रोजेक्टमध्ये. हलगीच्या जागी माझंच कच्चं गाणं येऊन बसलं. दोन रात्री एकेक फाइल ऐकून बाजूला काढत होतो. काकांना परत बोलवावं तर पावसाळा, कातडं सैल पडतं, शेकोटीवर कितीही तापवलं तरी मार्चचा तो कडक आवाज येत नाही.

तिसऱ्या रात्री आठवलं, एप्रिलमध्ये कोल्हापूरच्या मित्राला दुसरं गाणं पाठवलं होतं. त्याला सांगून झिप मागवली. पाठवण्याआधी 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' केलं होतं, म्हणजे बाहेरच्या फाइलींच्या प्रती प्रोजेक्टमध्ये गोळा केल्या होत्या, त्यामुळे त्या गाण्यातले सगळे तुकडे आत होते. ते वाजले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या गाण्यातला एक तुकडा मात्र फक्त फ्रीझ केलेल्या (इफेक्टसकट वेगळी ऑडिओ फाइल करून ठेवलेल्या) ट्रॅकमध्ये उरला होता, रिव्हर्बसकट, म्हणजे घुमणाऱ्या इफेक्टसकट. तो तसाच ठेवलाय.

तर मंडळी, काही उडवण्याआधी प्रत्येक गाण्यात 'कलेक्ट ऑल' करा. ते विचारतं तेव्हा 'इतर प्रोजेक्टमधल्या फाइली' याला हो म्हणाच. फॅक्टरी पॅक्सना, म्हणजे एबलटनच्याच तयार आवाजांना, नाही म्हटलं तरी चालतं, ते पुन्हा उतरवता येतात. रेकॉर्ड झाल्या झाल्या ट्रॅकला नाव द्या, खरं तर रेकॉर्डच्या आधीच, म्हणजे फाइललाही तेच नाव लागतं. नवी आवृत्ती 'सेव्ह अ‍ॅज'ने त्याच प्रोजेक्ट फोल्डरमध्ये ठेवा. बाहेर ठेवलीत तर नवं प्रोजेक्ट तयार होतं आणि आवाज जुन्यातच राहतात. आवृत्तीला 'फायनल' नको, आकडा आणि तारीख द्या.

हलगीचे तुकडे आता कुठल्याच गाण्याच्या फोल्डरमध्ये नाहीत. वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, एक कोल्हापूरला. दिवाळीनंतर काका परत येणार आहेत, तो रिव्हर्बचा तुकडा तेवढा पुन्हा वाजवायला.