वलंदेजांच्या शोधात, सासूबाईंच्या माहेरी

माझ्या सासूबाईंचं माहेरचं आडनाव कूपर. लग्न ठरल्यावर हे वेंगुर्ल्याला कळवलं, तेव्हा मावशीचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे पारशी काय गो?" पारशी नव्हे, डच. मावशीला ते पटलं नाही. तिच्या लेखी डच म्हणजे बंदराकडची ती पडकी वखार. १६३७ साली डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली, तिचे अवशेष अजून आहेत. जुन्या मराठी कागदांत ह्या लोकांना वलंदेज म्हणत. लहानपणी तिथे वडाच्या मुळांत आम्ही लपाछपी खेळलोय. त्यांच्यातल्या कुणाची वंशावळ शोधायची पाळी आपल्यावर येईल असं तेव्हा कोण म्हणालं असतं!

पाळी आली ती एका बायबलमुळे. सासूबाई, म्हणजे आमच्या मॉम, पंचाहत्तरी ओलांडल्यावर घर आवरायला निघाल्या. (इथे अमेरिकेत, मिशिगनमध्ये, सासूला नावाने हाक मारतात. बारा वर्षं झाली, माझी जीभ अजून वळत नाही.) माळ्यावरच्या खोक्यात पितळी कड्यांचं, पाटासारखं जड डच बायबल निघालं. मधल्या कोऱ्या पानांवर काळ्या-तपकिरी शाईत नोंदी होत्या: जन्म, मृत्यू, पुन्हा जन्म. घरात कुणालाच डच येत नाही. मला मोडी थोडीफार लागते, एवढ्या भांडवलावर ते बायबल माझ्याकडे आलं.

मॉमना दोन गोष्टी लहानपणापासून पाठ होत्या. एक, आपले पूर्वज धर्मासाठी छळ सोसून अमेरिकेत आले. दोन, आपलं आडनाव एलिस आयलंडवरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरात बाहेरून येणाऱ्यांची तपासणी होई त्या बेटावरच्या, कारकुनाने बदललं. ह्या दोन्ही कथा मी पुढे मोडल्या. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं, नाहीतर कदाचित हातच लावला नसता.

पहिल्या पानावर नाव होतं पीटर हार्म्स कायपर, जन्म १८१०. कायपर म्हणजे पिंपं बनवणारा, इंग्रजीत कूपर. सूर्यमालेच्या टोकाला तो कायपर पट्टा आहे ना, तेच आडनाव. आडनाव तिथेच उलगडलं. 'हार्म्स'वर मात्र घरात तीन मतं होती. दिराच्या मते ते आईकडचं आडनाव, नवऱ्याच्या मते उगाच ठेवलेलं मधलं नाव. मॉम म्हणाल्या, गाव असेल. मला एका नजरेत कळलं, कारण आम्ही शाळेच्या हजेरीपासून रेशनकार्डापर्यंत असंच लिहितो: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. हार्म्स म्हणजे हार्मचा. पीटरच्या बापाचं नाव हार्म. त्याखाली बायकोचं नाव 'ट्राइंट्ये यान्स', म्हणजे यानची मुलगी ट्राइंट्ये. तिचं आडनाव लिहिलेलंच नव्हतं.

मुलांच्या यादीत हार्म दोनदा होता. मला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक. चूक नव्हती. पहिला हार्म दहा महिन्यांचा होऊन गेला आणि पुढच्या मुलाला तेच नाव दिलं. डचांचा रिवाजच तसा होता: थोरला मुलगा बापाच्या बापाचा, दुसरा आईच्या बापाचा, थोरली मुलगी आईच्या आईची, दुसरी बापाच्या आईची. नाव चालू राहिलं पाहिजे, मूल गेलं तरी. आपल्याकडेही आजोबांचं नाव नातवाला ठेवतात आणि मग सुनेला सासऱ्याचं नाव घेता येत नाही म्हणून त्याचा बाळू होतो. ह्या रिवाजाचा उपयोग असा, की कागद हाती येण्याआधीच अंदाज बांधता येतो. थोरली मुलगी आल्ट्ये, म्हणजे ट्राइंट्येची आई आल्ट्ये असणार. हा अंदाज मी वहीत पेन्सिलने लिहून ठेवला.

इथून पुढे मी सहा आठवडे वाया घालवले, तेही स्वतःच्या हुशारीपायी. ह्या भागात डच लोक १८४७ पासून वसले. व्हान राल्टे नावाच्या धर्मोपदेशकाने हॉलंड गाव वसवलं आणि मागोमाग येणाऱ्यांनी आजूबाजूच्या वस्त्यांना आपापल्या प्रांतांची नावं दिली. ड्रेन्थ, ओव्हरिसल, व्हरीसलंड, झीलंड: गाडीतून तासाभरात नेदरलँड्स फिरून होतं. पीटर आणि ट्राइंट्ये पुरलेत झीलंडच्या दफनभूमीत. दगडावर लिहिलंय 'केट, पी. कूपरची बायको'. तेव्हा मी ठरवून टाकलं की ही माणसं नेदरलँड्समधल्या झेलंड प्रांतातली, ज्याचं नाव आमच्या झीलंडला दिलंय. तिथली अभिलेखागाराची यादी चाळली, काही मिळेना. मग वाचनात आलं की मे १९४० मध्ये झेलंडमधलं मिडलबर्ग शहर पेटलं तेव्हा तिथल्या अभिलेखागारातली चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं मोठ्या प्रमाणात जळाली. पीटरचा जन्म १८१० चा, म्हणजे सरकारी नोंदणी सुरू होण्याआधीचा. झालं! आमचे कागद जळले, असं मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. सगळे हळहळले. मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

एका वेबसाइटवर कुणीतरी तयार वंशावळही टाकलेली होती, त्यात एक पीटर कायपर होता. तीही आठवडाभर खरी धरली. मग लक्षात आलं, त्या पीटरची बायको अॅना होती आणि तो १८४९ साली नेदरलँड्समध्येच मेला होता. मेलेला माणूस अमेरिकेत येऊन शेती कशी करेल? ज्याने झाड लावलं त्याला हे दिसलं नव्हतं, आणि मलाही आठवडाभर दिसलं नाही.

वाट सापडली ती बायकोकडून. आम्ही सगळे कायपरच्या मागे धावत होतो, आणि कायपर म्हणजे डचांतले कुलकर्णी, गावोगाव. ट्राइंट्येचं माहेरचं आडनाव हवं होतं. अमेरिकेतल्या जनगणनेत ती नुसती केट कूपर. पण मिशिगनमध्ये मृत्यूच्या नोंदी राज्य पातळीवर १८६७ पासून आहेत आणि १८९७ पासूनच्या दाखल्यांत आईबापांच्या नावांचा रकाना सापडतो. थोरली आल्ट्ये, इथे तिची अॅलिस झाली, १९११ साली वारली. तिच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव होतं, इंग्रज कानाने ऐकून लिहिलेलं, वाकडंतिकडं. ते इथे देत नाही, कारण त्या आडनावाची माणसं मोजकीच आहेत. तो शब्द मी दहा वेळा मोठ्याने म्हटला, यूट्यूबवर डच उच्चार ऐकले, आणि एका रात्री स्पेलिंग बसलं. ते आडनाव झेलंडचं नव्हतंच. दुसऱ्या टोकाचं, थेट उत्तरेतल्या ग्रोनिंगन प्रांतातलं.

ग्रोनिंगनच्या नोंदी 'आलेग्रोनिंगर्स' ह्या साइटवर फुकट दिसतात, मूळ कागदाच्या छायाचित्रासकट. वराचं नाव पीटर, वधूचं ट्राइंट्ये, तिचं आडनाव. एकच निकाल आला. विवाह १८३८. वधूची आई: आल्ट्ये. वहीतल्या पेन्सिलवर मी पेन फिरवलं.

डचांच्या कागदांची एक गोष्ट मला फार आवडली. नेपोलियनच्या अमलाखाली १८११ साली तिथे जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंदणी लागू झाली (दक्षिणेच्या काही भागात त्याआधीच), आणि त्या नोंदींत बाई जन्मापासून मरेपर्यंत माहेरच्याच नावाने लिहिली जाते. लग्न झालं, विधवा झाली, पुन्हा लग्न झालं, तरी नाव तेच. माझ्या आजीचं तर लग्नात नावही बदललं होतं, आडनावाचं काय घेऊन बसलात. ट्राइंट्येने बोटीत पाय ठेवला तोवर ती स्वतःच्या नावाने होती. 'पी. कूपरची बायको' झाली ती इथे.

लग्नाचा कागद वाचायला मला चार संध्याकाळी लागल्या. तारखा अक्षरी असतात. पण डच संख्या आपल्यासारखी मागून म्हणतात: अडतीस म्हणजे 'आठ आणि तीस'. इंग्रजीवाल्यांचा इथे गोंधळ उडतो, माझा उडाला नाही. पीटरचा धंदा शेतमजूर. पिंपं करणारा नव्हेच, आणि त्याचा बापही नव्हे. खाली सह्या. वधूच्या जागी कारकुनाने लिहिलंय की लिहायला न शिकल्यामुळे तिला सही करता येत नाही. पीटरची सही मात्र आहे, आणि तिच्यातल्या 'के' अक्षराला खाली तशीच लांब शेपटी आहे जशी बायबलच्या पहिल्या पानावर. मी दोन्ही शेजारी ठेवून भिंगाखाली धरले. दहा महिन्यांच्या हार्मच्या मृत्यूची ओळ त्याच हाताची होती.

खरा खजिना लग्नाच्या जोडपत्रांत असतो, हे शोध घेणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. लग्नासाठी वधूवरांना जन्माचा उतारा, आईबाप वारले असतील तर त्यांच्या मृत्यूचा उतारा, आणि वराला लष्करभरतीचा दाखला द्यावा लागे. पीटरचा १८१० चा बाप्तिस्मा सरकारी नोंदीत नसला तरी चर्चच्या पुस्तकातला उतारा ह्या जुडग्यात होता. आणि भरतीच्या दाखल्यावर चक्क त्याचं वर्णन होतं. चेहरा लांबट, डोळे निळे, नाक टोकदार, केस तपकिरी, खूण: देवीचे व्रण. त्या काळात कॅमेरा कुठला, ही ओळ म्हणजेच त्याचा फोटो. उंची '१ एल ६ पाम ३ डाउम'. डाउम म्हणजे अंगठा, एरवी इंच, म्हणून मी इंचांत हिशेब केला आणि काहीच्या बाही आकडा आला. मग कळलं, १८२० नंतर डचांनी मेट्रिक मापं घेतली पण नावं जुनीच ठेवली: एल म्हणजे मीटर, पाम म्हणजे दहा सेंटिमीटर, डाउम म्हणजे एक. पीटर एक मीटर त्रेसष्ट, म्हणजे जेमतेम पाच फूट चार इंच. माझा सव्वासहा फुटी नवरा दोन दिवस गप्प होता.

जाण्याची नोंद गावाच्या लोकसंख्या-पुस्तकात मिळाली. ही पुस्तकं १८५० पासून सगळीकडे ठेवायला लागले. घरात कोण राहतं, कुठून आलं, कुठे गेलं ते रकान्यांत. कायपर कुटुंबासमोर १८५४ साल आणि 'उत्तर अमेरिका'. बोटीचं नाव काही सापडलं नाही, त्याचा नाद मी सोडला. पण डच सरकार त्या काळी देश सोडणाऱ्यांच्या याद्या करवून घेई. रॉबर्ट स्विरेंगा ह्या इतिहासकाराने त्या एकत्र करून छापल्यात, वाचनालयात मिळतात. त्यात धर्म, ऐपत आणि जाण्याचं कारण असे रकाने आहेत.

पीटरपुढे लिहिलं होतं: धर्म, सरकारमान्य सुधारित चर्च. ऐपत, गरीब. कारण, उदरनिर्वाह सुधारण्यासाठी.

छळ झाला होता तो १८३४ साली त्या चर्चमधून फुटून निघालेल्यांचा. त्यांना दंड झाले, त्यांच्या घरांत शिपाई बसवले. व्हान राल्टे त्यांच्यातला. पीटर त्यांच्यात नव्हताच. बटाट्यावर रोग पडायला १८४५ साली सुरुवात झाली होती, आणि ज्याच्याकडे जमीन नाही, पाच पोरं आहेत, त्याने काय करायचं? मॉमना हे कसं सांगावं ह्या विचारात मी दोन रविवार काढले. तिसऱ्या रविवारी चर्चहून आल्यावर सांगितलं. त्यांनी पर्समधून पेपरमिंट काढलं (प्रवचनात चघळायला इथल्या डच म्हाताऱ्यांच्या पर्समध्ये ते असतंच), एक मला दिलं, एक स्वतः तोंडात टाकलं.

"म्हणजे पोटासाठी आले," त्या म्हणाल्या. "मग आपण शेंगदाण्याचं लोणी संपल्यावर बरणी धुऊन ठेवतो ते कुठून आलं, ते कळलं."

एलिस आयलंडचं प्रकरण सोपं होतं. ते १८९२ साली उघडलं. पीटर येऊन तोवर अडतीस वर्षं झाली होती. आणि कारकून नावं बदलत नसत, बोटीवरून आलेली यादी ताडून पाहत. नाव बदललं ते दुसऱ्या हार्मने. १८७० च्या जनगणनेत तो कायपर आहे, १८८० मध्ये कूपर, तोवर ग्रँड रॅपिड्सच्या फर्निचर कारखान्यात लागलेला. पण चर्चच्या डच पुस्तकात, जी मी कॅल्विन विद्यापीठातल्या हेरिटेज हॉलमध्ये मायक्रोफिल्मवर पाहिली, तो मरेपर्यंत कायपरच राहिला. आठवड्याचे सहा दिवस एक आडनाव, रविवारी दुसरं.

आता मॉमच्या डोक्यात एकच आहे: दगडाशेजारी एक लहान पाटी बसवायची, ट्राइंट्येच्या पूर्ण नावाची, माहेरच्या आडनावासकट. दफनभूमीच्या कार्यालयाला पुरावा हवा होता. लग्नाच्या कागदाची प्रत जोडली, तर त्यांनी विचारलं की हे कोणत्या भाषेत आहे. झीलंडमध्ये! मग भाषांतर करून दिलं, मीच केलं, खाली सहीही माझी.

परवा अर्ज भरायला बसलो. 'मृत व्यक्तीशी नातं' ह्या रकान्यात इंग्रजीत दोनदा ग्रेट लिहून पुढे ग्रँडडॉटर लिहायचं, आणि चौकोन एवढासा. मॉमनी दोनदा खोडलं. मी म्हटलं, आमच्यात ह्याला एकच शब्द आहे, खापरपणती.

"खापर म्हणजे काय?"

मडकं फुटल्यावर जो तुकडा राहतो तो, मी सांगितलं. मॉम हसल्या आणि चष्मा पुसून म्हणाल्या, "ह्याचं स्पेलिंग सांग."