मोगऱ्याला बहर आलाय!

आज सकाळी कुंड्यांना पाणी घालायला गेले आणि तिथेच रमले. मोगरा कळ्यांनी नुसता लगडलाय. थंडी सरताना छाटणी केली होती, सगळा बहर त्या नव्या फुटीवरच आलाय. इतका आनंद झाला म्हणून सांगू!

बोगनवेलीची तर बातच निराळी. ऊन जितकं कडक तितकी ती खुलते, पाणी मात्र बेताचंच हवं. आपण जिला फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं. खरी फुलं आत असतात, पांढरट, इवलीशी, नळीसारखी. तीन पानांच्या मधल्या शिरेला एकेक चिकटलेली. आज भिंग घेऊन कितीतरी वेळ तीच बघत बसले.

टोमॅटो आता आटोपले. पारा ३५ अंशांच्या वर जायला लागला की परागकण निकामी होतात, फुलं गळतात, फळ धरत नाही. त्या जागी भेंडी आणि गवार लावलीय, त्यांना ऊन मानवतं.

आणि हो, दुपारी जास्वंदीने माना टाकल्या की लगेच पाणी ओतू नका. आधी मातीत बोट घालून बघा. ओल असेल तर ऊन उतरल्यावर पानं आपोआप ताठ होतात. मी कुंड्यांवर वाळक्या पानांचा जाड थर दिलाय, त्याखालची माती भर दुपारीसुद्धा गार लागते.

पुदिना उद्या भिंतीच्या सावलीत हलवतेय. तुमच्याकडे मोगरा फुललाय का? फोटो टाका ना!