याला पाणी किती घालायचं?

आमच्या गॅलरीत सात फुटी निवडुंग उभा आहे. खालच्या रस्त्यावरून दिसतो, त्यामुळे सोसायटीत नव्याने आलेल्यांना आमचं घर ‘तो हिरव्या खांबाचा फ्लॅट’ असंच सांगितलं जातं. घरी येणारे बहुतेक जण दोन प्रश्न विचारतात. पहिला, टोचत नाही का? टोचतो. दुसरा, याला पाणी किती घालायचं? फांदी मागून नेलेल्या मंडळींनी हा दुसरा प्रश्न मला फोनवर, मंगल कार्यालयात आणि एकदा बँकेच्या रांगेतही विचारलाय. त्यांना ‘आठवड्याला अर्धा तांब्या’ असं उत्तर हवं असतं. तसं ते देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्याच पावसाळ्यात मी हा निवडुंग जवळजवळ मारला होता. नर्सरीतून दीड फुटाचा आणला, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत, निव्वळ लाल मातीत. रोज तुळशीला घालून तांब्यात उरेल ते पाणी याला. त्यात पुण्याचा जुलै, दिवसदिवस झिमझिम. वरून रोप कसं टवटवीत हिरवं! आणि एका सकाळी ते कठड्यावर रेलून उभं. बुंधा काडीने दाबून पाहिला तर काडी आत, पिकल्या सीताफळात जावी तशी.

मग सुरी घेतली. एक चकती कापली, मध्यभागी तपकिरी डाग. सुरी स्पिरिटने पुसून आणखी वर कापलं, पुन्हा डाग, लहान. असं करत करत पांढरट हिरवा, स्वच्छ गाभा लागला तेव्हा हातात वीतभर शेंडा उरला होता. तो सावलीत वर्तमानपत्रावर ठेवला. उन्हाळ्यात दहा-बारा दिवस पुरतात, पण हवा दमट होती म्हणून तीन आठवडे ठेवला. कापलेल्या जागी कडक खपली धरली की तो कोरड्या मातीत रोवायचा आणि मुळं धरेपर्यंत पाणी नाही. हे ‘पाणी नाही’ फार अवघड जातं. आपल्याकडे रोप लावलं की पाण्याची धार सोडल्याशिवाय लावल्यासारखंच वाटत नाही. आजचा सात फुटी खांब म्हणजे तोच वीतभर शेंडा.

आता पाण्याचं. हा खांब म्हणजे टाकीच आहे. त्याच्या उभ्या धारा पेटीच्या भात्यासारख्या असतात. पाणी प्यायलं की फुगतात, दोन धारांमधली खाच उथळ होते. टाकी रिकामी होत आली की खाच खोल जाते आणि अंग जरा सैल दिसतं. त्या खाचेकडे बघा, कॅलेंडरकडे नको. बरोबर मातीत बोटभर काडी खुपसा. ओली निघाली तर मागे फिरा.

मात्र ‘वाळवंटातलं झाड, पाणी लागतच नाही’ हेही खरं नव्हे. सिनेमात दिसतो तो हात वर केलेला ॲरिझोनाचा साग्वारो निराळा, त्याला पहिली फांदी फुटायलाच पन्नास-साठ वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. आपल्याकडे कुंड्यांत असतो तो सहसा सेरियस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ मेणबत्ती. नर्सरीवाले ‘पेरुव्हियानस’ म्हणून देतात, पण यातली बरीच झाडं पेरू देशातली नसून ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिनाकडची, जिथे पाऊस चांगला पडतो. त्यामुळे मार्च ते मे तो मजेत पितो. तेव्हा खालच्या भोकातून वाहेपर्यंत घालते आणि माती पूर्ण सुकली की पुन्हा. पावसाळ्यात कुंडी छपराखाली ओढते, थंडीत महिन्यातून एकदा घातलं तर घातलं. घोट घोट रोज पाजणं सगळ्यांत वाईट.

खरं तर पाण्याचा निम्मा प्रश्न मातीतच सुटतो. एक भाग माती, दोन भाग जाड रेव किंवा विटांचे तुकडे. वाळू चाळल्यावर खाली पडते ती नको, चाळणीवर उरते ती घ्या. कुंडी मातीची. आणि ऊन भरपूर. हॉलच्या कोपऱ्यात ठेवलात तर शेंडा बारीक, फिका, पेन्सिलीसारखा वाढतो आणि तो पुन्हा जाड होत नाही. तिथून एकदम भर उन्हातही काढू नका, पांढरे चट्टे पडतात. पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, दिसला तर कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट.

शेजारच्या काकूंचा आक्षेप वेगळाच होता. काटेरी झाड दारात नको आणि चीक डोळ्यात गेला तर? चिकाची भीती खरी आहे, पण ती कुंपणाच्या त्रिधारी निवडुंगाची. त्याचं कूळच वेगळं. याला दुधाळ चीक नसतो, आणि काटे लोकरीच्या छोट्याशा गादीतून झुबक्याने येतात, ही ओळख. दारात नको म्हणाल तर नाना पेठेत खुद्द विठोबा निवडुंग्या आहे, तुकोबांची पालखी तिथे मुक्कामाला असते. काकू यावर हसल्या, पण फांदी अजून नेलेली नाही. दुसरे एक काका मात्र झाड रात्री ऑक्सिजन सोडतं म्हणून बेडरूमसाठी घेऊन गेले. रात्री छिद्रं उघडून ते कार्बन डायऑक्साइड आत घेतं एवढं खरं, ऑक्सिजन उजेडातच तयार होतो. त्यांना खिडकी उघडी ठेवा म्हटलं.

फूल? आलं, नवव्या वर्षी. पांढरं, तळहातापेक्षा मोठं, रात्री उमललेलं. मी सकाळी पाहिलं तेव्हा मान टाकत होतं. पुढच्या वर्षी जागले. फळ अजून धरलेलं नाही, कारण याला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, आणि आमच्या इमारतीतले सगळे खांब माझ्याच शेंड्याचे तुकडे, म्हणजे एकच झाड.

तुमचा तुकडा परवाच कापलाय, फ्रीजवर वर्तमानपत्रात सुकतोय. पंधरवड्याने या, येताना तळाला भोक असलेली कुंडी आणा. पाण्याचं मात्र त्यानंतर महिनाभर तरी विचारू नका.