ठेवताव कुठं?

रात्रीचे साडेअकरा. पंखा आत्ता कुठं लावला.

शेवटचा दोरा संध्याकाळी ओढला. टायगर मॉथ झालं एकदाचं, म्हणजे त्या जुन्या दुपंखी विमानाचं खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं मॉडेल. संक्रांतीच्या सुमारास खोकं उघडलं होतं, आता मे निम्मा सरला. आनंद व्हायला हवा, तर डोक्यात एकच वाक्य अडकून बसलंय. वहिनी भाकरीचा डबा द्यायला आल्या, टेबलापाशी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "छानंय की भाऊजी. ठेवताव कुठं?"

बस, एवढंच. यात टोचण्यासारखं काय आहे? काहीच नाही. टोचून बोलणाऱ्यांतल्या वहिनी नाहीतच, हे माझ्याइतकं कुणाला माहीत. तरी भाकरीत खडा लागावा तसं झालं. "छानंय की" आणि "ठेवताव कुठं" यांच्यामध्ये त्या श्वास घ्यायलासुद्धा थांबल्या नाहीत.

निदान तारांकडे तरी बघायचं. गेले पाच दिवस नुसत्या तारांतच गेले. खऱ्या विमानातली तार सहा मिलिमीटरची धरली आणि 72 नं भागली, तर उरते 0.08. एवढा बारीक नायलॉन, मासे धरायचा. दोन्ही पंखांना आधीच सुईएवढी भोकं पाडून ठेवायची, वरच्या पंखात दोरा चिकटवायचा, खालच्या भोकातून काढायचा, टोकाला कपड्यांचा चिमटा लटकवायचा म्हणजे ताण राहतो, मग फेविक्विकचा थेंब. थेंब म्हणजे टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच. पंखा लावला की चिमटे झोके घेतात, म्हणून पंखा बंद. लातूरचा मे महिना आणि पंखा बंद! घाम नाकावरून पंखावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधून बसलो होतो. त्यात फेविक्विकला वाळायला हवेतला ओलावा लागतो, आणि इथली हवा म्हणजे भाजलेला पापड. शेवटी चष्म्याची काच पुसताना करतो तसं थेंबावर हाः हाः करत बसलो. बाहेरून कुणी बघितलं असतं तर विमानाची दृष्ट काढतोय असं वाटलं असतं.

गंमत म्हणजे या सगळ्या तारा एकदम कामाला नसतात. विमान हवेत असलं की पंख वर उचलले जातात, तेव्हा बुडापासून वरच्या पंखाकडे तिरप्या जाणाऱ्या तारा ओढ घेतात. जमिनीवर उभं असलं की पंखांचं वजन उलट्या तिरप्या तारा पेलतात. म्हणजे कधीही बघा, निम्म्या तारा नुसत्या हजेरीला. पण सैल एकही चालत नाही. आमच्या ऑफिसात हे कुणाला सांगायला हवं होतं.

परवा एक सैल राहिलीच. डावीकडची, पुढची. नायलॉनला ऊब दिली की तो आकसतो आणि दोरा ताठ होतो, म्हणून देवघरातली उदबत्ती आणली. बोटभर अंतरावरून फिरवली, दोरा डोळ्यांदेखत सरळ झाला. मग मोह झाला. अजून जरासं म्हणून जवळ नेली आणि तट्. दोन्ही टोकं वळून बसली, झुरळाच्या मिशांसारखी. रात्री एक वाजता ते भोक पुन्हा कोरताना मी विमानाला जे बोललो ते इथं लिहीत नाही.

यातलं काही म्हणजे काही कुणी विचारलं नाही. दादानं विचारलं, केवढ्याला पडलं. पोरानं फोनवर विचारलं, उडतं का. वहिनींनी विचारलं, ठेवताव कुठं. पिवळं का, हे तरी विचारायचं. शिकाऊ पोरांची विमानं लांबून ओळखू यावीत म्हणून पिवळी. तो पिवळा साधायला मी तीन वेळा रंग खरवडलाय. दुसऱ्या महायुद्धात आपल्या बेगमपेटला पोरं याच विमानावर शिकली. तेव्हा आपण सगळे निजामाच्याच राज्यात की. मास्तर पुढं, शिकणारा मागं. आणि नंतर एकटा उडायला लागला तरी त्यानं मागच्याच जागेवर बसायचं, पुढची जागा रिकामी, नाहीतर तोल बिघडतो. मी पुढच्या जागेवर माणूस बसवलेला नाही. वहिनींनी ते बघितलं असावं. काही बोलल्या नाहीत.

असो.

ठेवताव कुठं. खरंच, ठेवतो कुठं? शोकेस पुढच्या खोलीत, आणि पुढच्या खोलीचं आता ठरलंय. कपाटावर ठेवलं तर आठ दिवसांत धुळीचा थर. साधं विमान फडक्यानं पुसता तरी येतं. हे पुसायला गेलं की फडक्याबरोबर तारा. रंगाच्या कोरड्या ब्रशनं एकेका तारेच्या मधून झाडायचं, तेही आयुष्यभर. ज्या खोक्यातून आलं त्यात परत घालावं म्हटलं, तर तेव्हा ते सुटं होतं, चपटं. आता चाकं आणि दोन मजली पंख घेऊन त्यात कसं मावणार? रुंदीला पुरतं साडेबारा सेंटीमीटरसुद्धा नाही. एवढ्याशा वस्तूला घरात जागा नाही म्हणून मी तासभर गळा दाटून बसलो होतो, हे आता लिहिताना जरा जास्तच वाटतंय.

कारण खरं सांगायचं तर मी या विमानाचा सगळा विचार केला होता, हा एक सोडून. वरचा पंख पुढं का सरकवलाय, हे मला तोंडपाठ. त्याच कंपनीच्या आधीच्या मॉथ विमानात पुढच्या जागेच्या बरोबर डोक्यावर पंख आणि पेट्रोलची टाकी. पाठीला पॅराशूट बांधलेला मास्तर घाईत बाहेर कसा पडणार? म्हणून 1931 साली ते बनवणाऱ्या डी हॅविलंड कंपनीवाल्यांनी तो पंख पुढं ढकलला, आणि तोल जाऊ नये म्हणून पंखांची टोकं मागं झुकवली. आजही कुठल्याही फोटोत ते मागं झुकलेले पंख बघून टायगर मॉथ ओळखू येतं. माणूस विमानातून कसा बाहेर पडेल, याचा त्यांनी केवढा विचार केला होता. आणि हे विमान या खोलीतून कसं बाहेर पडेल, हे चार महिन्यांत माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. वहिनींना दारात उभ्या उभ्या कळलं.

पोरानं दोनदा बजावलंय, सामान कमी आणा. दोनदा!

साडेबारा वाजले. तूर्त विमान ज्वारीच्या कोठीवर ठेवलंय, वरून दुधावरची जाळी झाकून. जाळीतून छान दिसतंय, हँगरमध्ये असल्यासारखं. डावीकडची पुढची तार पुन्हा थोडी सैल वाटतेय, पण ते उद्या. उद्या दळणही आहे. वहिनी सहाला ज्वारी काढायला येतील, त्याआधी उठायला हवं.