अ‍ॅनापोलिस ते सेंट ऑगस्टीन: सात आठवडे, त्यातले वीस दिवस नुसते थांबलेले

मी आणि बायको अमेरिकेत शिडाच्या बोटीने मेरीलँडच्या अ‍ॅनापोलिसहून फ्लोरिडाच्या सेंट ऑगस्टीनला निघालो होतो. मेहुण्याने विमानाची तिकिटं काढली तिथेच घोळ झाला. ‘दिवाळीला साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या धक्क्यावर भेटू’ असं आम्हीच त्याला ऑगस्टमध्ये सांगून बसलो होतो. लक्ष्मीपूजनाला, म्हणजे 12 नोव्हेंबर 2023 ला, आमची 34 फुटी शिडाची बोट चार्ल्स्टनच्या पावणेतीनशेहून जास्त मैल मागे, नॉर्थ कॅरोलायनातल्या ओरिएंटल नावाच्या गावात बांधलेली होती आणि वरती डोलकाठीत वारा शिट्ट्या घालत होता. बिचारा भाड्याची गाडी करून, चकल्यांचा डबा मांडीशी घेऊन, सहाएक तासांत आमच्याकडे पोचला. तेवढंच अंतर कापायला आम्हाला पुढे दहा दिवस लागले. तुम्हीही जाणार असाल तर पाहुण्यांना बंदराचं नाव आधी देऊ नका. निघायच्या दोन दिवस आधी फोन करायला सांगा, तेव्हा जिथे असाल तिथे बोलवा.

रस्ता तसा मळलेला आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शेकडो बोटी थंडी पडायला लागली की दक्षिणेला निघतात. केप हॅटरसच्या बाहेरचा समुद्र जहाजांची स्मशानभूमी म्हणून बदनाम आहे, त्यामुळे आमच्यासारख्या दोन माणसांच्या बोटी आतल्या वाटेने, इंट्राकोस्टल वॉटरवेने जातात. नद्या, खाड्या आणि खणलेले कालवे जोडून झालेली ही वाट. नॉरफोकला मैल शून्य, मायामीला सुमारे 1,090. बोट इंजिनावर पाच-सहा नॉटने (तासाला साधारण दहा किलोमीटर) चालते आणि अंधारात या वाटेने जायचं नाही, म्हणजे दिवसाला चाळीस-पन्नास मैल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. चार वाजता नांगर पडलेला असावा, हा हिशोब पहिल्या दिवसापासून ठेवा.

आमच्या हर्णैकडे नारळी पौर्णिमेआधी होडी दर्यात जात नाही. इथे नारळाचं काम विमा कंपनी करते. वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. बऱ्याच पॉलिसींमध्ये अमुक तारखेआधी अमुक रेषेच्या दक्षिणेला गेलात तर वादळाचं नुकसान तुमचं तुम्ही भरा, असं कलम असतं. आमच्या कागदात तारीख 1 नोव्हेंबर होती आणि रेषा व्हर्जिनियाची दक्षिण हद्द. हे कलम आम्ही वाचलं नॉरफोकला, 26 ऑक्टोबरला! सहा दिवस तिथे गेले. बायको अजून ते काढते. कागद घरी वाचा.

नॉरफोकच्या पुढे पूल आणि लॉक (दारं लावून आतल्या पाण्याची पातळी बदलणारा हौद). ग्रेट ब्रिजचं लॉक दिसायला मोठं, बोट मात्र दोन-तीन फूटच वर-खाली होते. लॉकपेक्षा पुलांचा ताप जास्त. सकाळ-संध्याकाळ ऑफिसच्या गर्दीत काही पूल उघडतच नाहीत, बाकीचे ठरल्या वेळीच. एक पूल दोन मिनिटांनी हुकला की पुढचे सगळे हुकतात. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात पूलवाल्याला व्हीएचएफ रेडिओच्या 13 नंबरवर हाक मारायची, साउथ कॅरोलायनापासून पुढे 9 वर. बोटीचं आणि पुलाचं नाव घेऊन सभ्यपणे विचारलं तर दोन मिनिटं थांबणारेही भेटतात.

मैल 50 ला कॉइनजॉक गाव. तिथे दोन दिवस अडकलो, कारण पुढे अल्बमार्ल साउंड, म्हणजे किनाऱ्यालगतची रुंद खाडी, आडवा येतो. नकाशावर हा तलावासारखा निरुपद्रवी दिसतो आणि खोली जेमतेम पाच-सहा मीटर, म्हणूनच वाईट. उथळ पाण्यात वारा आखूड, उभ्या लाटा उठवतो. पलीकडे अ‍ॅलिगेटर नदीवरचा फिरता पूल जोराच्या वाऱ्यात उघडत नाही, म्हणजे साउंड कसाबसा पार करूनही तुम्ही पुलाच्या तोंडाशी हेलकावे खात बसणार. (तिथे नवा उंच पूल बांधायला घेतला आहे, तुम्ही जाल तेव्हा काय स्थिती आहे ते आधी विचारा.) वारा पंधरा नॉटच्या वर असेल तर आम्ही निघत नाही. शेजारची बोट निघाली म्हणून तर मुळीच नाही.

थांबण्याचं गणित एकदा कळलं की चिडचिड कमी होते. दर पाच-सात दिवसांनी उत्तरेकडून गार हवेची लाट येते. आधी वारा नैर्ऋत्येचा आणि उबदार, मग वायव्येचा आणि बोचरा, मग उत्तरेचा, शेवटी ईशान्येचा. उत्तरेचा वारा पाठीवर घेऊन आतून छान पळता येतं; पण त्याच वाऱ्यात बाहेर समुद्रात जाऊ नका. गल्फ स्ट्रीमचा प्रवाह उत्तरेला वाहतो, वारा त्याच्या समोरून आला की पाणी भिंतीसारखं उभं राहतं.

ओरिएंटलला सहा दिवस. गावात दोन रात्री फुकट बांधायला सरकारी धक्का आहे, त्यानंतर पैसे भरून मरीनात. गावाचं नाव 1862 मध्ये बुडालेल्या एका जहाजावरून पडलं. वस्ती हजाराच्या आत आणि माणसांपेक्षा बोटी जास्त. कोकणातल्या माणसाला इथे एक चमत्कारिक वाटतं: भरती-ओहोटी चंद्र ठरवत नाही, वारा ठरवतो. ईशान्येचा वारा दोन दिवस लागला की पाम्लिको साउंडचं पाणी गावापुढच्या न्यूस नदीत चढतं. दोर ढिले ठेवा. तुमची डोलकाठी उंच असेल तर अजून एक सांगतो. या वाटेवरचे कायमचे (न उघडणारे) पूल 65 फूट उंच धरतात, पण बेलहेवनच्या आधीचा विल्करसन पूल 64 भरतो, आणि पाणी चढलेलं असेल तर तेवढाही नाही.

बोटीत रात्री गॅसचा हीटर लावत असाल तर खिडकी बोटभर उघडी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू, यात चालढकल नको. थांबायच्या दिवसांसाठी डाळ-तांदूळ आणि मेतकूट भरपूर घ्या. आम्ही कुकर घेतला आणि त्याची रबरी रिंग घरी विसरलो.

पुढे कॅम्प लजून हा लष्करी तळ. मरीन सैनिकांचा गोळीबाराचा सराव असला की वाट बंद करतात. दोन तास उभे राहिलो. चार्ल्स्टनला पाच दिवस इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी चक्र) येण्याची वाट पाहण्यात गेले. दोन जादा बरोबर ठेवा, मुठीएवढी वस्तू आहे.

जॉर्जियात मात्र चंद्र परत कामावर. सात ते नऊ फुटांची भरती, आणि हेल गेट, लिटल मड रिव्हर असे उथळ, गाळाचे पट्टे. तिथे निम्मी भरती झाल्यावर, पाणी चढत असतानाच शिरायचं. रुतलात तरी तासाभरात पाणीच उचलतं. ओहोटीला रुतलात तर पुढचे आठ-दहा तास बोट कलंडलेली. आम्ही थंडरबोल्टला भरतीची वेळ जुळवायला एक अख्खा दिवस घालवला आणि एकदाही घासलो नाही.

9 डिसेंबरला सेंट ऑगस्टीन दिसलं. आमचा मूरिंग (बोट बांधायचा तरंगता गोळा) ‘ब्रिज ऑफ लायन्स’ या पुलाच्या पलीकडे होता. तो पूल दर अर्ध्या तासाला उघडतो. आम्ही चार मिनिटं उशिरा पोचलो, आणि शेवटची सव्वीस मिनिटं किल्ल्यासमोर गोल गोल फिरत काढली.