घरगुती अडचणी

गुरुवार, रात्र

आज जुनी फाईल काढली ती फक्त मजकूर उतरवून घ्यायला. सोमवारी बँकेतून प्रमोशनचा आदेश आला: क्लार्कची अधिकारी, स्केल वन, म्हणजे अधिकाऱ्यांची पहिली पायरी. सोबत बदलीही होऊ शकते. स्वीकारते की नाही ते १० दिवसांत लेखी कळवायचं आहे. फॉर्म भरला होता तोही मॅनेजरसाहेब मागे लागले म्हणून. नाही म्हणायचं हे मनात पक्कं होतं. २०१५ साली दिलेल्या नकारपत्राची झेरॉक्स जपून ठेवलेली. म्हटलं, तारीख बदलली की काम झालं.

पत्र दोन ओळींचं आहे. ‘घरगुती अडचणींमुळे मी सदर पदोन्नती स्वीकारण्यास असमर्थ आहे. कृपया नोंद घ्यावी.’ खाली माझी सही, घाईत केल्यासारखी. कॅश काउंटरवर बसूनच लिहिलं होतं ते, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी.

कोरा कागद पुढे घेतला, ‘घरगुती’ लिहिलं आणि हात थांबला. कुठल्या अडचणी?

तेव्हा होत्या. लेक पाचवीत होती, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते, ह्यांची शाळा सकाळची. आज लेक पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सासूबाई रोज राजवाड्यापर्यंत चालत जातात आणि परत येताना भाजी घेऊन येतात. अडचणी केव्हाच सरल्या, आणि मी मात्र त्यांच्याच नावाने दुसऱ्यांदा नकार लिहायला बसले होते.

दुपारी आमच्या युनियनच्या कॉम्रेडना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, २०१५ ला तुम्ही जवळच्या पोस्टिंगसाठी विनंती अर्ज तरी केला होता का?” नव्हता केला. मग त्यांनी जी आठवण करून दिली ती ऐकून फार वाईट वाटलं. ऑगस्ट २०१४ मध्ये अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांना कळवलं होतं की विवाहित महिला कर्मचाऱ्याने विनंती केली तर तिला शक्य तिथवर पती राहतो त्या ठिकाणी किंवा त्याच्या जवळपास नेमावं. म्हणजे मी नकार दिला तेव्हा हे पत्र निघून वर्ष होत आलं होतं. अर्ज केला म्हणजे साताराच मिळालं असतं असं नाही. पण विचारायला कुणाची ना नव्हती. विचारलंच नाही मी.

आणि हे त्या दिवसांत, जेव्हा अरुंधती भट्टाचार्यांच्या बातमीचं कात्रण आम्ही शाखेच्या बोर्डावर लावलं होतं! १९७७ मध्ये प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागलेली बाई २०१३ मध्ये स्टेट बँकेची पहिली महिला अध्यक्ष झाली. मुलांसाठी, घरच्या आजारी माणसांसाठी बायकांना दोन वर्षांपर्यंत रजा घेता यावी अशी सोयही त्यांच्या काळात झाली. मी सगळ्यांना कौतुकाने ते वाचून दाखवलं होतं.

खरं काय ते आज इथे लिहूनच टाकते. मला बदलीपेक्षा सहीची भीती वाटते. क्लार्कने एंट्री करायची, अधिकाऱ्याने पास करायची. पुढे ऑडिटमध्ये काही निघालं तर पहिलं बोट पास करणाऱ्याकडे जातं. एका चांगल्या अधिकाऱ्याला एका कर्जप्रकरणापायी चार्जशीटला उत्तरं देताना मी जवळून पाहिलंय. त्यांचा उतरलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पण आजचीच गोष्ट. पीककर्जाचं नूतनीकरण होतं. आमचा नवा अधिकारी बिहारचा, चोवीस वर्षांचा, हुशार आणि कामसू मुलगा. स्क्रीनवर माझी एंट्री त्याच्या आयडीत गेली आणि त्याने सवयीने विचारलं, “दीदी, पास कर दूँ?” मी म्हटलं, थांब. सातबारा पुन्हा हातात घेतला. ‘इतर हक्क’ रकान्यात विकास सोसायटीच्या जुन्या कर्जाचा बोजा तसाच होता. शेतकरीदादा म्हणाले, “ताई, ते कवाच भरलंय.” भरलं असेलही, पण सोसायटीचा दाखला आणि तलाठ्याकडून बोजा कमी केल्याची नोंद नको? त्यांना दोन्ही कागद चिठ्ठीवर लिहून दिले, मुलाला ती जागा बोटाने दाखवली, त्याने एंट्री परत पाठवली.

संध्याकाळी बसमध्ये हेच डोक्यात घोळत होतं. किती वर्षं मी अशी ‘थांब’ आणि ‘कर’ म्हणतेय. जोखीम मी ओळखते आणि सही त्या पोराची असते. हे त्याच्यावरही बरोबर नाही.

पगाराचाही हिशेब मांडला. क्लार्कच्या स्केलमध्ये मी बरीच वर आहे, त्यामुळे लगेच हातात पडणारी वाढ फार नाही. ओव्हरटाइम जाईल, घरी यायची वेळ नक्की राहणार नाही. मार्चअखेर कशी असते ते ठाऊक आहे. ही कारणं खरी आहेत आणि आजची आहेत. यांच्यामुळे नकार द्यावासा वाटला तर देईन, पण मग पत्रातही तेच लिहीन.

रात्री भाकरी करताना सासूबाईंना सांगितलं. त्या जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्या वेळी मला सांगायचं होतंस गं. मी सहा महिने धाकट्याकडे राहिले असते.” मला हे कधी सुचलंच नव्हतं. त्यांच्या गुडघ्याचं कारण मी त्यांना न विचारता दिलं होतं.

उद्या १० वाजता झोनल ऑफिसला फोन करायचा. जागा कुठे कुठे रिकाम्या आहेत, विनंती अर्ज कधीपर्यंत घेतात आणि पहिल्या पोस्टिंगला किती वर्षं धरतात, हे विचारायचं. ह्यांच्याशी शनिवारी निवांत बोलेन. शाखेत नंदुरबारचं नाव कानावर येतंय, ते मी जेवताना बोलून गेले.

आत्ता दिवा घालवायला गेले तर सासूबाई जाग्याच होत्या. म्हणाल्या, “नंदुरबारला थंडी फार असते का गं?”