आरडी१६ अखेर शांत, आणि ५१० पुन्हा टेबलावर

मंडळी, माझ्या हॅम ट्रान्समीटरच्या पॉवर अॅम्प्लिफायरमध्ये आयआरएफ५१० (५१०) ट्रान्झिस्टरच्या जागी आरडी१६एचएचएफ१ (आरडी१६) बसवले, आणि दहा मीटर बँडवर (२८ मेगाहर्ट्झ) डमी लोडमध्ये, म्हणजे अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरमध्ये, ८ वॅट मिळाले. त्याहून मोठी बातमी म्हणजे ड्राइव्ह (इनपुट सिग्नल) काढला की आरएफ, म्हणजे रेडिओ सिग्नल, मोजणाऱ्या प्रोबचा काटा शून्यावर येतो आणि तिथेच राहतो. गेले कित्येक आठवडे तो राहत नव्हता.

बोर्ड तोच आहे: दोन बीडी१३९ चा पुश-पुल ड्रायव्हर, पुढे फायनलची (शेवटच्या पॉवर ट्रान्झिस्टरची) जोडी, बायनॉक्युलर कोरवर (दोन भोकांच्या फेराइटवर) आउटपुट ट्रान्सफॉर्मर, १३.८ व्होल्ट. आयआरएफ५१० च्या जोडीने चाळीस मीटरवर ११ वॅट दिले होते आणि दहा मीटरवर जेमतेम अडीच. मायक्रोबिटएक्स हा हॅम सेट वापरणाऱ्यांना वरच्या बँडवरचा हा उतार पाठ आहे. म्हणून मी आरडी१६एचएचएफ१ ची जोडी आणली. हा मित्सुबिशीने रेडिओसाठीच बनवलेला मॉसफेट. डेटाशीटप्रमाणे १२.५ व्होल्टवर, ३० मेगाहर्ट्झला, ०.४ वॅट आत घातले की १६ वॅट बाहेर. ५१० चं मूळ काम स्विचिंगचं, आपण हॅम मंडळींनी त्याला रेडिओत आणलं.

अडचण पायांपासून सुरू होते. ५१० चे पाय गेट, ड्रेन, सोर्स. आरडी१६ चे गेट, सोर्स, ड्रेन. त्यामुळे ५१० च्या बोर्डात आरडी१६ बसवताना दोन पाय एकमेकांवरून आडवे न्यावे लागतात. तसे नेले, स्लीव्ह घातली, बायसचा (ट्रान्झिस्टरचा स्थिर करंट ठरवणारा) प्रीसेट हळूहळू फिरवला. करंट २०० मिलीअँपिअरपर्यंत सुरळीत चढला आणि तिथून एकदम उडी. पॉवर सप्लाय करंट लिमिटमध्ये. इनपुटला काहीही जोडलेलं नसताना डमी लोडवर ६-७ व्होल्ट आरएफ!

यूएसबी एसडीआर डाँगल (संगणकाला जोडायचा रिसीव्हर) लावून पाहिलं तर ९५ मेगाहर्ट्झच्या आसपास एक जाडजूड कॅरिअर (सलग सिग्नल), म्हणजे फायनल आपणहून ऑसिलेट होत होता. बोर्डाजवळ हात नेला की तो सरकायचा, स्क्रूड्रायव्हर नेला की आणखी सरकायचा. घरातल्या एफएम रेडिओची खरखर त्या जागी गप्प व्हायची. मग नेहमीचे उपाय केले. गेटच्या पायात फेराइट बीड घातला, कॅरिअर थोडा खाली आला. गेटला १० ओहम सिरीजमध्ये टाकला, आणखी खाली आला, गेला नाही. ड्रेनपासून गेटपर्यंत २२० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा फीडबॅक दिला; त्याने चाळीस मीटरवरचा गेन उतरला आणि वर एफएम बँडात कॅरिअर होता तसाच. एवढ्या उंचीवर त्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या तारांचाच इंडक्टन्स आडवा येत असणार.

उत्तर सापडलं ते हीटसिंकवर. सगळे पॉइंट तपासताना प्रोबचं टोक हीटसिंकच्या पात्याला लावलं, आणि काटा हलला. बोर्डाच्या ग्राउंडच्या तुलनेत हीटसिंकवर चक्क आरएफ उभं होतं.

आरडी१६ चा टॅब (पाठीचा धातूचा पत्रा) सोर्सला जोडलेला असतो. म्हणजे मध्ये अभ्रकाचा इन्सुलेटर न लावता थेट बोल्ट केला की हीटसिंक हा सोर्सच्या सर्किटचाच भाग होतो. माझं हीटसिंक बोर्डाला सुमारे आठ सेंटिमीटरच्या एका वायरने जोडलेलं होतं. सरळ वायरचा इंडक्टन्स ढोबळमानाने सेंटिमीटरला १० नॅनोहेन्री धरला तर ते ८० झाले: २८ मेगाहर्ट्झला १४ ओहम, ९५ ला जवळजवळ ४८. एवढा अडथळा सोर्स आणि ग्राउंडच्या मध्ये, तोही दोन्ही ट्रान्झिस्टरना सामाईक, मग फायनल स्थिर राहणार कसा?

तांबट आळीतून एक मिलिमीटर जाडीची तांब्याची पट्टी आणली. ती दोन्ही टॅबखाली, हीटसिंकच्या वर बसवली आणि तिची कड ट्रान्झिस्टरच्या अगदी पुढ्यात बोर्डाच्या ग्राउंडला सलग सोल्डर केली. शंभर वॅटचं सोल्डरिंग आयर्न लागलं, छोट्या आयर्नने तांबं तापतच नाही. सोर्सचा मधला पाय आखूड कापून तिथेच खाली टेकवला. प्रीसेट फिरवला. २००, ३००, ४००, ५०० मिलीअँपिअर, करंट लोण्यासारखा सरकत गेला. डाँगलच्या पडद्यावर फक्त नेहमीची एफएम स्टेशनं. मग दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा बायस, तोही तसाच. बीड आणि १० ओहम मी राहू दिलेत, फीडबॅक ४७० ओहमवर नेला. चाळीस मीटरवर १४ वॅट, वीसवर १३, दहावर ८.

खरं तर इथे ५१० ला निरोप द्यायचा होता. पण पट्टी सोल्डर करताना दुसरंच डोक्यात आलं. ५१० चा टॅब असतो ड्रेन. म्हणून त्याच्याखाली अभ्रक, आणि अभ्रकाखाली ग्राउंड केलेलं हीटसिंक: हा तर सरळसरळ कपॅसिटर! टॅबचं क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटर आणि अभ्रक ०.१ मिलिमीटर धरा, हिशेब सुमारे ८० पिकोफॅरड येतो. डेटाशीटमध्ये ५१० ची स्वतःची आउटपुट कपॅसिटी २५ व्होल्टला ८१ पिकोफॅरड दिली आहे, १२-१३ व्होल्टला ती आणखी वाढते. म्हणजे दहा मीटरवर ५१० मार खातो त्यातला बराच वाटा आपण बसवलेल्या अभ्रकाचा असू शकतो. त्याऐवजी एक मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिना वॉशर घातला तर हेच १३ पिकोफॅरडवर येतं, आणि अॅल्युमिना उष्णताही अभ्रकापेक्षा कितीतरी चांगली वाहून नेतो. तेव्हा आरडी१६ आणि ५१० ची माझी आधीची तुलना अपुरी ठरते. दोघांनाही चांगली बैठक देऊन ती पुन्हा करणार. किमतीतला फरक पाहता ५१० ला ही संधी मिळायलाच हवी.

खरेदीबद्दल. एका ऑनलाइन दुकानातून आलेले स्वस्त ५१० मीटरवर संशयास्पद निघाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून हातात घेऊन आणलेल्या खात्रीच्या नगाशेजारी ठेवून गेट-सोर्स कपॅसिटी मोजली तर जवळपास दुप्पट. ५१० ची इनपुट कपॅसिटी १८० पिकोफॅरड, ५२० ची ३६०, ५३० ची ६७०. नाव पुसून मोठी चिप विकली की अशीच पकडता येते. साधा एलसीआर मीटर पुरतो. बसवण्याआधी प्रत्येक नग मोजा, आरडी१६ सुद्धा.

बायपोलर ट्रान्झिस्टर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: जुन्या २७ मेगाहर्ट्झ सेटमधले २एससी२०७८ माझ्याकडे आहेत आणि ४ वॅटपर्यंत ते मला फार आवडतात. बायसचा डायोड मात्र टॅबला चिकटलेलाच हवा, कारण व्हीबीई (बेस-एमिटर व्होल्टेज) तापमानाच्या दर अंशाला २ मिलिव्होल्टने उतरतो. मॉसफेटला हे दुखणं नाही असं आपल्यात सर्रास म्हणतात, ते मला पटत नाही. कमी बायस करंटवर मॉसफेटचा थ्रेशोल्डही (करंट सुरू व्हायला लागणारं गेटचं व्होल्टेज) तापमानाबरोबर खाली येतो आणि करंट चढतो. ५१० वर १०० मिलीअँपिअर लावून एक लांब ओव्हर (सलग ट्रान्समिशन) घ्या आणि अँमीटर बघा. माझ्या पुढच्या बोर्डावर दोन्ही टॅबजवळ थर्मिस्टर (तापमान ओळखणारा रेझिस्टर) असेल.

आता अॅल्युमिना वॉशर मागवतोय. ५१० ला २४ व्होल्ट द्यायचंही ठरलंय, कारण व्होल्टेज वाढलं की त्याची आउटपुट कपॅसिटी घटते. बूस्ट कन्व्हर्टर नको, त्याची किरकिर रिसीव्हरमध्ये येते. यूपीएसच्या दोन ७ अँपिअर-अवरच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये लावेन. मात्र २४ व्होल्टला लोड बदलतो, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर नव्याने काढून गुंडाळायला घ्यावं लागेल. कुणी ५१० अॅल्युमिनावर बसवून दहा मीटरवर मोजला असेल तर आकडे जरूर कळवा.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा)